आधी अंघोळ, मग उत्साह

दर वर्षी १० ऑक्टोबर जवळ आला की कंपन्यांच्या एचआर विभागाला कर्मचाऱ्यांना मन असल्याची आठवण होते. जागतिक मानसिक आरोग्य दिन. वेबिनार ठेवला जातो, तोही दुपारी एक ते दोन, म्हणजे जेवणाच्या सुट्टीत. मनःशांतीपायी कामाचे तास मोडायचे नसतात. कॅमेरा चालू ठेवायचा, हजेरी लागते. प्रशिक्षक बाई अतिशय मऊ आवाजात डोळे मिटायला सांगतात आणि नेमका तेव्हाच स्क्रीनच्या कोपऱ्यात साहेबांचा निरोप उगवतो: "ते शीट तीनपर्यंत पाठव." अर्धा घेतलेला श्वास तसाच सोडून मंडळी कामाला लागतात. संध्याकाळी सगळ्यांना प्रमाणपत्र येतं.

ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी या श्वासांचा हिशेब मांडला. ब्रिटनमधल्या २३३ संस्था, ४६,३३६ कर्मचारी. कुणी माइंडफुलनेसच्या वर्गाला बसलेलं, कुणी ताण सोसण्याचं प्रशिक्षण घेतलेलं, कुणाच्या फोनात स्वास्थ्याचं ॲप. २०२४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: ज्यांनी हे सगळं केलं ते न करणाऱ्यांपेक्षा काडीनेही बरे नव्हते. पाहणी एकाच वेळची आहे, तेव्हा तिला ब्रह्मवाक्य मानू नये. पण तिच्यातला अपवाद गमतीचा आहे. ज्यांना नोकरीत राहून लोकांच्या उपयोगी पडायचं काही स्वयंसेवी काम मिळालं, त्यांना जरा बरं वाटत होतं. फ्लेमिंग यांचा सल्ला असा की कर्मचारी दुरुस्त करण्यापेक्षा काम दुरुस्त करा: वेळापत्रक, पगार, कामगिरीचं मूल्यमापन. या विषयावरच्या वेबिनारचं निमंत्रण अजून कुणाला आलेलं ऐकिवात नाही.

शाळांची कथा याहून रंगतदार. ब्रिटनमध्ये 'मिरियड' नावाची प्रचंड चाचणी झाली. ८०हून अधिक शाळा, ११ ते १३ वयाची ८,३७६ मुलं. निम्म्या शाळांत माइंडफुलनेसचे धडे, बाकीच्यांत नेहमीचंच. २०२२ साली निकाल लागला: फरक नाही. मुलांनी घरी करायचा सराव बहुतांशी केलाच नव्हता. यात आश्चर्य कुणाला वाटावं? गणिताचा गृहपाठ न करणारं पोर श्वासाचा करील, हा विश्वास फक्त अनुदान देणाऱ्या समितीलाच असू शकतो.

ऑस्ट्रेलियाने तर कमाल केली. गंभीर मानसिक आजारांवरच्या एका नामांकित उपचारपद्धतीतली कौशल्यं काढून त्यांचा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम बांधला आणि हजारावर सरसकट मुलांची त्यावर चाचणी घेतली. सरसकट म्हणजे ज्यांना काही झालेलं नाही त्यांनाही. २०२३ साली छापून आलं की अभ्यासक्रम संपला तेव्हा शिकलेल्या मुलांची चिंता आणि उदासी न शिकलेल्यांपेक्षा अधिक होती, आणि आईवडिलांशी संबंध बिघडलेले होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. संशोधकांनी मात्र हा निकाल दडवला नाही, छापला, त्याबद्दल त्यांना नमस्कार. आपल्याकडच्या शाळांत असलेच 'हॅपिनेस'चे तास कुठकुठल्या कंपन्या विकत असतात. त्यांच्यातल्या कुणाला विचारून पाहा, तुमचा कार्यक्रम फसला तर कळणार कसं? ते तुम्हाला रंगीत माहितीपत्रक देतील.

आता जरा आवाज खाली आणून बोलू, कारण पुढच्या गोष्टीत विकण्यासारखं काही नाही.

गोव्यात पर्वरीला 'संगाथ' नावाची संस्था आहे. मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९९६ साली काढली. तिथल्या लोकांना एक साधा प्रश्न पडला: देशात मनोविकारतज्ज्ञ लाखामागे एकसुद्धा नाही, मग उदासीने अंथरूण धरलेल्या म्हापशाच्या किंवा फोंड्याच्या बाईने काय करायचं? त्यांनी स्थानिक माणसं निवडली. मानसोपचाराची पदवी नाही, मानसशास्त्राचा गंध नाही. तीन आठवड्यांचं शिबिर आणि त्यावर काही महिन्यांची उमेदवारी. मग १० प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या ४९५ रुग्णांवर चाचणी. हे रुग्ण 'आज जरा मूड नाही' यातले नव्हते. आजार चांगलाच तीव्र, कामधाम सुटलेलं. निम्म्यांना नेहमीचे उपचार. तेही जरा सुधारून, म्हणजे डॉक्टरला निदान कळवून आणि मार्गदर्शक सूचना हातात देऊन. उरलेल्या निम्म्यांना हे सगळं आणि वर या समुपदेशकांच्या सहा ते आठ भेटी, आरोग्य केंद्रात किंवा घरी.

तीन महिन्यांनी मोजलं. भेटी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के उदासीतून बाहेर आलेले, दुसऱ्या गटातले ३९ टक्के. कामाचे बुडालेले दिवस कमी, आत्महत्येचे विचार कमी, आणि बायकांना नवऱ्याकडून होणारी मारहाणसुद्धा कमी. वर्षभरानंतर पाहिलं तर फायदा टिकून होता. याच केंद्रांत दारूने पोखरलेल्या ३७७ पुरुषांवर जोडचाचणी झाली, तिच्यात भेटी तर जेमतेम एक ते चार. तीन महिन्यांनी विचारलं की गेल्या १४ दिवसांत प्यायलात का. 'थेंबही नाही' म्हणणारे भेटी मिळालेल्या गटात ४२ टक्के, दुसऱ्यात १८. गोव्यात, बरं का. जिथे दर दुसऱ्या वळणावर बारची पाटी आहे.

दोन्ही निबंध २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आले. उदासीच्या उपचाराचा माणशी खर्च ६६ डॉलर. आजच्या पुण्या-मुंबईत एवढ्यात दोन-तीन सेशन होतात, आणि त्यातलं पहिलं तुमचं बालपण ऐकण्यात जातं.

त्या भेटींत काय होतं, हे कळलं तर काही जणांचा विरस होईल. बालपण नाही, स्वप्नं नाहीत, कोच नाही. "काल सकाळी उठल्यापासून काय काय केलंत?" इथून सुरुवात. कोणत्या वेळी मन जास्त खाली गेलं, तेव्हा काय चाललं होतं, कोण जवळ होतं. मग एक छोटीशी गोष्ट ठरवायची. अंघोळ. तुळशीला पाणी. बंद पडलेली शिवणाची मशीन पुसून ठेवणं. बहिणीला फोन. पुढच्या भेटीत विचारायचं, झालं का? झालं नसेल तर रागवायचं नाही. गोष्ट अजून लहान करायची.

यामागचं तत्त्व सरळ आहे. उदास माणूस म्हणतो, जरा बरं वाटू दे, मग अंघोळ करीन. बरं वाटत नाही, अंघोळ होत नाही, अंघोळ होत नाही म्हणून बाहेर पडणं होत नाही, बाहेर पडणं नाही म्हणून माणसं तुटतात, माणसं तुटली म्हणून आणखी बरं वाटत नाही. हे गाडं उलटं जुंपायचं. आधी अंघोळ, उत्साह मागून येईल तेव्हा येईल.

हे तत्त्व काही गोव्यात जन्मलेलं नाही. अमेरिकेत ॲरन बेक यांनी विचारांची तपासणी करणारी उपचारपद्धती बांधली, तिचा जगभर डंका झाला. सिएटलच्या नील जेकबसन यांना शंका आली की यातला गुण नेमका कशाचा? एखाद्या नामांकित आमटीतून एकेक मसाला काढून चव बघावी तसं त्यांनी १९९६ साली केलं. विचारांची तपासणी काढून टाकली, फक्त कृतीचा भाग ठेवला. चव तीच. मग २०१६ मध्ये ब्रिटनमध्ये ४४० रुग्णांवर आणखी पुढची चाचणी झाली: एकीकडे रीतसर शिकलेले मानसोपचारक पूर्ण पद्धत वापरणारे, दुसरीकडे कनिष्ठ कर्मचारी फक्त कृतीचा भाग करून घेणारे. कनिष्ठांचे रुग्ण मागे पडले नाहीत, आणि खर्च कमी आला. मानसोपचारकांच्या संघटनेत त्या दिवशी चहा गोड लागला नसावा.

आता इथे सोसायटीतल्या सगळ्या काकू पदर खोचून उभ्या राहतील. "मी तरी वेगळं काय सांगत होते? उठ, तोंड धू, जरा फिरून ये, सगळे तुझ्या डोक्याचे खेळ आहेत." नाही हो काकू. थांबा. तुमचं पहिलं अर्धं वाक्य उपचार आहे, पण उरलेल्या अर्ध्याने तुम्ही त्याचा जीव घेता. शिवाय तुम्ही हुकूम सोडून जिना उतरता. गोव्यातली समुपदेशक पुढच्या आठवड्यात परत येते. तुमच्या भेटीचं रेकॉर्डिंग होत नाही. तिच्या भेटींचं होत होतं, आणि ते सगळ्या सहकाऱ्यांनी मिळून ऐकायचं, एकमेकांना गुण द्यायचे, तज्ज्ञांनी कान पिळायचे, ही पद्धत होती. रुग्ण जिवाचं काही बरंवाईट करील असं वाटलं तर लगेच वर कळवायचं, हेही शिकवलेलं. हा रेकॉर्डिंगचा नियम प्राध्यापकांना, कीर्तनकारांना आणि स्तंभलेखकांना लावला तर गावात फार थोडे बोलके उरतील.

आणि गोळ्यांच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांनी यात आनंद मानू नये. २०२२ साली लंडनच्या जोआना मॉनक्रिफ यांचा आढावा आला, त्यात एवढंच होतं की मेंदूतलं सेरोटोनिन कमी झाल्याने उदासी येते या समजुतीला भक्कम पुरावा सापडत नाही. गोळ्या काम करतात की नाही हे त्यात तपासलेलंच नव्हतं. पण व्हॉट्सॲपवरच्या मंडळींनी आपापल्या आत्याच्या गोळ्या परस्पर बंद करून टाकल्या. ताप का कमी झाला हे नीट कळलं नाही म्हणून गोळी फेकून देणारा माणूस आजवर दिसलेला नाही. मनाच्या बाबतीत मात्र सगळे तत्त्वज्ञ.

मूळ दुखणं वेगळंच. पिकतं तिथे विकत नाही.

नाशिक जिल्ह्यातला पेठ तालुका डोंगराळ, आदिवासी. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातल्या मानसिक आरोग्य केंद्राने तिथे २०१३ पासून 'आत्मीयता' नावाचा प्रकल्प चालवला. गावातलीच माणसं हेरायची, त्यांना शिकवायचं, फोनवर छोट्या चित्रफिती द्यायच्या, आणि गावात कोण आतून खचलंय हे ओळखून त्याच्याशी बोलत राहायचं. गरज पडली तर दवाखान्यात न्यायचं. पेन्शन, रेशनचे कागद अडलेले असतील तर तेही सोडवायचे, कारण पुष्कळ वेळा घोडं तिथेच पेंड खातं. प्रयोग जमला. मग तो मोठ्या प्रमाणावर गेला कुठे? गुजरातेत, मेहसाण्याला. तिथे शेकडो गावांत त्याची रीतसर चाचणी झाली. महाराष्ट्रातला एखादा कारखाना गुजरातला गेला तर आपल्याकडे आठवडाभर पत्रकार परिषदा होतात. हा प्रकल्प गेला तेव्हा कुणी 'अस्मिता' हा शब्दसुद्धा उच्चारला नाही. सेमीकंडक्टर, विमानं यांच्यासाठी रडणारे डोळे पेठच्या बाबतीत कोरडे राहिले.

विदर्भाचंही तेच. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. सुरुवातीला तिथे उदासीने ग्रासलेल्या शंभरातले जेमतेम चार जण कुठली मदत घ्यायला जात. दीड वर्षात ते २७ झाले. हेही २०१७ साली जगातल्या नामांकित मासिकात छापून आलं. अमरावतीच्या किती आमदारांनी ते वाचलं असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

तिकडे परदेशात मात्र माल उचलला जातोय. झिंबाब्वेत हरारेच्या दवाखान्यांबाहेर बाकावर बसून आज्या लोकांची दुखणी ऐकतात. तिथले मनोविकारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी हे सुरू केलं, २०१६ साली चाचणीत उत्तम निघालं, तर तसले बाक न्यूयॉर्कमध्ये मांडले गेले. आणि डेझी सिंगला, ज्यांनी गोव्यातल्या प्रकल्पात काम केलं होतं, त्यांनी कॅनडा आणि अमेरिकेत १,२३० गरोदर आणि बाळंतीण बायकांवर कृतीच्या याच उपचाराची चाचणी घेतली. परिचारिका, सुईणी अशा मानसोपचाराची पदवी नसलेल्या बायकांनी तो दिला, समोर बसून आणि व्हिडिओवरही. २०२५ साली निकाल आला: तज्ज्ञांनी दिला काय आणि यांनी दिला काय, बरं होणं सारखंच. आता वाट पाहायची. चार-पाच वर्षांत हे सगळं एखाद्या इंग्रजी नावाने, जांभळ्या रंगाच्या लोगोसकट, महिना ९९९ रुपयांना अंधेरीत परत येईल आणि वेबिनारमधल्या बाई सांगतील की टोरांटोत सिद्ध झालंय.

मधल्या काळात यंत्र आहेच. डार्टमथच्या संशोधकांनी 'थेराबॉट' नावाचा बोलका प्रोग्रॅम २१० लोकांवर तपासला, २०२५ च्या मार्चमध्ये छापलं. उदासीची लक्षणं सरासरी निम्म्याने उतरली. बातम्या झळकल्या. तुलना कुणाशी होती? ज्यांना रांगेत नुसतं उभं ठेवलं होतं त्यांच्याशी. दगडापेक्षा वीट मऊ, यासाठी विटेचा सत्कार करायचा का ते ज्याने त्याने ठरवावं. गाजलेला 'वोबॉट' मात्र त्याच वर्षी जूनअखेर दुकान बंद करून गेला. रोज रात्री त्याच्याशी बोलणाऱ्यांना त्या दिवशी कुणाशी बोलावंसं वाटलं असेल?

सरकारचं म्हणाल तर काहीच होत नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. 'टेलि-मानस' आहे, १४४१६ हा क्रमांक, २०२२ पासून चालू. फुकट आहे, मराठीत बोलता येतं, लावून पाहावा. बंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, त्यात निघालं की वेगवेगळ्या मनोविकारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचारच मिळत नाहीत. १२ राज्यं पाहिली होती. महाराष्ट्र त्यांत नव्हता. त्यामुळे आपण प्रगत आहोत असं म्हणायला मोकळे राहिलो.

पण खरी भीती वेगळी आहे, आणि ती दुर्लक्षाची नाही. भीती अशी की कुणीतरी सचिव हे संशोधन एकदाचं वाचेल. साडेतीनशे पानं वाचून त्याच्या लक्षात एकच शब्द राहील: 'स्वस्त'. तीन आठवड्यांचं शिबिर तीन तासांचं होईल. रेकॉर्डिंग ऐकणं, दर आठवड्याची देखरेख, अडलं तर फोन उचलणारा तज्ज्ञ, हे 'दुसऱ्या टप्प्यात' जाईल. आणि काम कुणावर पडेल हे सांगायला ज्योतिषी नको. आशाताई.

लसीकरण, बाळंतपण, क्षयरोग, कुष्ठरोग, मधुमेहाची यादी, आयुष्मानची कार्डं, मध्येच एखादं सर्वेक्षण, आणि आता शेजारणीचं मन. कागदोपत्री ती 'स्वयंसेविका' आहे, म्हणून पगार नाही, मोबदला. तो वाढवून देण्याचं कबूल केलेलं लेखी मिळावं म्हणून २०२४ च्या सुरुवातीला या बायका मुंबईत आझाद मैदानावर बसून होत्या. गोव्यातला समुपदेशक त्या कामासाठी नेमलेला, पगारी माणूस होता. संशोधन सांगतं की पदवी नसली तरी चालेल. पैसे नसले तरी चालतील असं ते कुठेही सांगत नाही. पण सरकारी चष्म्यातून या दोन ओळी एकच दिसतात.

सुरुवात झालेलीच आहे. तिशीपुढच्या माणसांची माहिती भरायचा जो फॉर्म आशाताईंच्या हातात आहे, त्याच्या शेवटी उदासीचे दोन प्रश्न आहेत. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस, आनंद वाटेनासा झालाय का? मन खचल्यासारखं, निराश वाटलंय का? उत्तरांना गुण. बेरीज तीनच्या वर गेली तर त्या माणसाला आरोग्य केंद्रात पाठवायचं. हे दोन प्रश्न कुणी उलटे आशाताईंना विचारले, तर निम्म्या तालुक्याची बेरीज तीन ओलांडेल आणि नियमाप्रमाणे त्यांनाही आरोग्य केंद्रात पाठवावं लागेल. पाठवायला कशाला हवं म्हणा, त्या तिथे जातातच. फॉर्म जमा करायला.